जस्त, चांदी आणि खारं पाणी : मधुमेही पायाच्या जखमेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोकणपट्टीवरच्या एका बंदराच्या गावात माझं वीस खाटांचं रुग्णालय आहे. मी सर्जन. रुग्णाची ओळख पटू नये एवढे तपशील इथे बदलले आहेत. औषधं, निर्णय आणि माझ्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

रुग्ण ५८ वर्षांचे, ट्रॉलरवरचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्या आठवण झाली तर. १ जूनपासून मासेमारी बंद होते, त्याआधीच्या शेवटच्या फेरीत जाळं उलटताना शिंगाळा या माशाचा काटा उजव्या पावलात, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी घुसला. शिंगाळ्याच्या काट्याचं विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून खलाशी पाय गरम पाण्यात बुडवतात. उपाय योग्यच आहे. पण मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही, त्यामुळे काट्याच्या जखमेशेजारी भाजल्याचा फोडही आला.

किनाऱ्यावर आल्यावर एका डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. पाच दिवसांत उतार पडला नाही. सूज घोट्यापर्यंत चढली तेव्हा घरच्यांनी त्यांना घाटावरच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे दोनदा चीर देऊन पू काढला, मेरोपेनेम हे जोरदार अँटिबायोटिक सुरू केलं आणि सोळा दिवसांनी घरी पाठवलं. जूनच्या अखेरीस, धो धो पावसात, ते ड्रेसिंगसाठी माझ्याकडे आले. जखम रुपयाच्या नाण्याएवढी, कडा पांढुरक्या, वास येणारी. ताप नव्हता.

अडचण

पहिल्या दिवशी मी चांदीचं ड्रेसिंग सुरू केलं. त्याची कथा पुढे वेगळी सांगतो. अकरा दिवस जखम होती तिथेच होती. बाराव्या दिवशी ताप १०१ वर गेला, दुसरं बोट सुजून लालबुंद झालं. जखमेत निर्जंतुक सळई घातली तर ती थेट हाडाला टेकली. मधुमेही पायात सळई हाडाला लागली की हाडात संसर्ग असण्याची शक्यता बरीच वाढते. एक्स-रेमध्ये बोटाच्या हाडाची कड झिजलेली दिसली.

मेलेलं मांस काढलं, हाडाचा तुकडा घेतला आणि घाटावरच्या एका पॅथॉलॉजिस्ट मित्राच्या लॅबला पाठवला. जखमेच्या पृष्ठभागावरून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावर मी विश्वास ठेवत नाही. तिथे कोण वस्तीला आलंय एवढंच त्यावरून कळतं, आत कोण खातंय ते कळत नाही.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. जंतू क्लेब्सिएला न्यूमोनिए. औषधांच्या यादीपुढे वरपासून खालपर्यंत रेझिस्टंट, मेरोपेनेम आणि इमिपेनेमसकट. उरलं होतं कोलिस्टिन, पण तांडेलांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला निर्देशक, वाढून १.९ होतं आणि कोलिस्टिन मूत्रपिंडाला मारक. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेचा अंदाज, १०.८, फारच वाढलेला.

लॅबच्या प्लेटमध्ये काय दिसलं

मित्राने रिपोर्टबरोबर व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला होता, आणि या प्रकरणातली निम्मी चर्चा त्या फोटोभोवती झाली. जंतू पसरलेल्या प्लेटवर इमिपेनेमच्या दोन डिस्क, म्हणजे औषध मुरवलेल्या कागदी चकत्या, होत्या. पहिलीच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढलेले, जणू तिथे औषधच नव्हतं. दुसरीवर त्याने ईडीटीए नावाच्या रसायनाचा थेंब टाकला होता, आणि तिच्याभोवती स्वच्छ गोल मोकळी जागा होती. जंतू तोच, औषधही तेच.

ईडीटीए स्वतः काही अँटिबायोटिक म्हणून इथे वापरलेलं नव्हतं. ते धातूचे आयन पकडून ठेवतं. या क्लेब्सिएलाकडे जे एन्झाइम होतं त्याचं नाव न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, लॅबच्या भाषेत एनडीएम. दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या एका स्वीडिश रुग्णात ते सापडलं, २००९ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. मला त्या नावातल्या दिल्लीपेक्षा 'मेटॅलो' जास्त कामाचा वाटतो. या एन्झाइमच्या पोटात जस्ताचे दोन आयन असतात. ते पाण्याचा एक रेणू पकडून धरतात आणि त्याच्या जोरावर पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम (मेरोपेनेम, इमिपेनेम यातलेच) या सगळ्या कुळातल्या औषधांची बीटा-लॅक्टम कडी, म्हणजे त्यांचा गाभाच, फोडतात. जस्त काढून घेतलं की एन्झाइम लुळं पडतं आणि जुनंच औषध पुन्हा लागू होतं.

हे मी तांडेलांच्या मुलाला समजावून सांगत होतो. तो बोटींच्या इंजिनांचं काम करतो. म्हणाला, "झिंक म्हणजे आम्ही बोटीच्या बुडाला लावतो तेच?"

"तेच. तुमच्या बोटीवरचं झिंक स्वतः झिजून पंखा वाचवतं. इथलं झिजत नाही, औषध फोडत राहतं."

"मग तां काढून टाका ना, डॉक्टर. लॅबवाल्यांनी काढलंच की."

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देताना मलाही माझ्या डोक्यातली मांडणी नीट करावी लागली.

कोणते पर्याय तोलले

ईडीटीए माणसालाही देतात, शिशाची विषबाधा झाली तर. पण त्यासाठी कॅल्शियम आधीच बांधलेला प्रकार वापरतात. दुसरा प्रकार, सोडियमचा, शिरेतून दिला तर रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतो. अमेरिकेत या दोन नावांच्या घोटाळ्यातून माणसं दगावली आहेत. शिवाय ईडीटीएला जंतूचं जस्त कोणतं आणि आपलं कोणतं यातला फरक कळत नाही. आपल्या लाल पेशींमध्ये कार्बन डायऑक्साइड हाताळणारं एन्झाइमही जस्तावरच चालतं. प्लेटमध्ये फक्त जंतू असतो, औषधाला चुकायला दुसरं कुणी नसतं. पायाला माणूस जोडलेला असतो. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला.

बिस्मथवर जास्त वेळ गेला, कारण ते मुलाने स्वतः शोधून आणलं होतं. २०१८ मध्ये हाँगकाँग विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की बिस्मथ एनडीएममधलं जस्त बाहेर ढकलून स्वतः त्या जागी बसतं, आणि मग मेरोपेनेम पुन्हा काम करू लागतं. प्रयोग उंदरांवरही झाला होता. विशेष म्हणजे त्यांनी वापरलेलं कोलॉइडल बिस्मथ सबसायट्रेट हे पोटातल्या व्रणासाठी, हेलिकोबॅक्टर या जंतूवरच्या उपचारात वर्षानुवर्षं वापरलं जाणारं औषध आहे. मुलाने फोन पुढे केला. "डॉक्टर, ही गोळी मेडिकलमध्ये मिळते."

मी एक रात्र मागून घेतली. मोह खराच होता. औषध ओळखीचं आणि स्वस्त, तर्कही पटणारा. पण बिस्मथची गोळी पोटातून रक्तात जवळजवळ जातच नाही, पोटाच्या आजारात तोच तिचा गुण. रक्तात पुरेसं पोचावं म्हणून मात्रा वाढवायची, तर बिस्मथ बाहेर पडतं मूत्रपिंडातून, आणि इथे क्रिएटिनिन १.९. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये बिस्मथच्या अतिवापराने मेंदूवर परिणाम झालेले शेकडो रुग्ण नोंदले गेले होते. शिवाय तांडेलांच्या बोटात रक्तपुरवठाच मंद होता. उंदरात झालं ते या हाडात होईल असं मानायला माझ्याकडे आधार नव्हता. सकाळी मी नाही म्हणालो. मुलाला ते पटलं नाही असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, पण त्याने पुन्हा हट्ट केला नाही.

कोलिस्टिन हा सोपा पर्याय होता. रिपोर्टवर तेच एक उरलेलं दिसतं, म्हणून हात आपसूक तिकडे जातो. हाडातल्या संसर्गावर ते द्यायचं आणि मूत्रपिंड पणाला लावायचं, हे मला टाळायचं होतं.

पॅथॉलॉजिस्ट मित्राने चौथा पर्याय सुचवला. ॲझट्रिओनॅम हे बीटा-लॅक्टम कुळातलंच औषध, पण एनडीएमचं जस्त त्याला फोडू शकत नाही. अडचण एवढीच की असे जंतू सहसा एकच हत्यार बाळगत नाहीत. त्यांच्याकडे जस्ताशिवाय चालणारी इतर एन्झाइमं असतात आणि ती ॲझट्रिओनॅम फोडतात. त्यांना ॲविबॅक्टम अडवतं. म्हणून सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टम आणि ॲझट्रिओनॅम एकत्र द्यायचं. मित्राने दोन्ही डिस्क जवळजवळ ठेवून पाहिल्या. वेगवेगळ्या दोघीही फिक्या, पण दोघींच्या मधल्या जागेत जंतू वाढले नाहीत. म्हणजे धातूशी भांडायचं नाही, त्याला बगल द्यायची. महाग, दिवसाला हजारोंच्या घरात.

आणि शेवटचा पर्याय, जो घाटावरच्या रुग्णालयाने फोनवर पहिला सांगितला, तो गुडघ्याखालून पाय काढण्याचा.

काय केलं

ठरवताना क्रम महत्त्वाचा होता. कोणतंही अँटिबायोटिक मेलेल्या हाडात पोचत नाही. म्हणून आधी हाड काढायचं आणि मग औषध द्यायचं. उलट क्रमाने गेलो असतो तर सहा आठवडे महागडी सलाईनं लावून शेवटी बोट काढावंच लागलं असतं.

पायातल्या धमनीचा ठोका हाताला लागत होता, डॉप्लरवरही प्रवाह बरा होता. म्हणून बोटाच्या मुळापासून दुसरं बोट काढलं आणि उरलेल्या हाडाच्या टोकाचा वेगळा तुकडा तपासायला पाठवला. हे टोक स्वच्छ निघालं तर औषध काही दिवसांत थांबवता येतं, नाहीतर आठवडे लागतात. अँटिबायोटिकचं बिल किती येणार हे त्या तांदळाएवढ्या तुकड्यावर ठरणार होतं.

दोन्ही औषधं मूत्रपिंडाच्या हिशेबाने मात्रा कमी करून सुरू केली. इन्सुलिन लावलं. टाचेवर भार देऊन चालायचा बूट मुंबईहून मागवला. पावलावरचा भार कमी केल्याशिवाय अशी जखम भरत नाही, आणि याच गोष्टीला घरोघरी सगळ्यात कमी किंमत दिली जाते.

चांदी आणि मीठ

आता त्या अकरा दिवसांकडे परत जातो.

चांदीचा आयन अनेक ठिकाणी घाव घालतो. जंतूच्या प्रथिनांतल्या गंधकाला तो चिकटतो, पडदा सैल करतो, श्वसनाची यंत्रणा बिघडवतो. भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. अँटिबायोटिक न जुमानणारे जंतूही सहसा चांदीला बळी पडतात. आयन मोकळा असेल तरच, ही त्यातली अट.

आमच्याकडे सिस्टर जखम सलाईनने धूत होत्या आणि चांदीचं ड्रेसिंगही सलाईननेच भिजवत होत्या. सगळ्या ड्रेसिंगांना आम्ही तसंच करतो. बाराव्या दिवशी, ताप आल्यावर, मी पहिल्यांदा त्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. हे ड्रेसिंग निर्जंतुक साध्या पाण्याने भिजवा, सलाईन वापरू नका. बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचं पाणी घातलं की पांढरा साका बसतो, तो आम्ही सगळ्यांनी पाहिलेला. तो साका म्हणजे सिल्व्हर क्लोराइड, पाण्यात जवळजवळ न विरघळणारं. आम्ही अकरा दिवस पाकिटातून चांदी काढून तिला मिठात बांधत होतो.

त्यात आणखी भर घरची. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग ओलं आलं होतं, मी पाऊस समजलो. नंतर काकींनी, म्हणजे तांडेलांच्या बायकोने, सांगितलं, "खाऱ्या पाण्यान जखम सुकता, म्हणान रोज सकाळी वतूक लागलंय." रोज ओतत होत्या ते समुद्राचं पाणी. सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, समुद्रात सुमारे ३५. आणि पावसाळ्यात बंदरातल्या पाण्यात मीठ कमी होतं ते बरंच काही येऊन मिसळल्यामुळे.

काकींना रागावायचा मला अधिकार नव्हता. आमच्या सिस्टर तेच करत होत्या, फक्त बाटलीबंद पाण्याने.

ऑपरेशननंतर आम्ही निर्जंतुक पाण्यावर आलो आणि चार दिवसांत वास गेला. पण त्याच आठवड्यात सडलेलं हाडही निघालं होतं, तेव्हा श्रेय चांदीला देणं बरोबर नाही. खरं तर पायाच्या व्रणांवर चांदीच्या ड्रेसिंगचा फायदा सिद्ध करणं कुणालाच नीट जमलेलं नाही. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये शिरांच्या व्रणांवर झालेल्या मोठ्या चाचणीत साध्या ड्रेसिंगपेक्षा ती सरस ठरली नाही. मधुमेही पायावरच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तर संसर्गावर उपचार म्हणून चांदी वापरू नका असंच सुचवतात. मग मी का वापरली? वास येत होता, ड्रेसिंग कपाटात होतं, आणि काहीतरी जोरदार करतोय असं वाटत होतं.

तांडेलांनी एकदा ड्रेसिंग चालू असताना विचारलं, ही चांदी कायम चालणार का. मी म्हटलं, जंतू तिलाही सरावू शकतात. १९७५ मध्ये बॉस्टनच्या एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला निघाला होता. चांदी बाहेर फेकणारे ते जनुक प्लाझ्मिडवर होते, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या तुकड्यावर. अँटिबायोटिकच्या प्रतिकाराची जनुकंही अशाच तुकड्यांवर बसून फिरतात. एकाचा मारा केला की सोबतचं दुसरंही टिकून राहतं.

तांडेल हसले. "डॉक्टरांनू, बोटीच्या बुडाक आमी तांब्याचो रंग मारतंव. नवो आसा तवसर शेवाळ लागणा नाय. मगे लागताच."

त्या रंगात तांब्याचा ऑक्साइड असतो, आणि बंदराच्या चिखलात तो वर्षानुवर्षं झिरपत असतो. तिथल्या जंतूंना तांब्याची सवय झाली असेल तर त्यासोबत आणखी काय काय आलं असेल, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. जखम लालसर, दाणेदार दिसू लागल्यावर दोन आठवड्यांनी मी चांदी बंद केली आणि साध्या ड्रेसिंगवर आलो.

परिणाम

हाडाचं टोक स्वच्छ निघालं. अँटिबायोटिक नवव्या दिवशी थांबवलं. क्रिएटिनिन मध्ये २.१ वर गेलं आणि १.८ वर परत आलं. जखम भरायला तेरा आठवडे लागले. औषधांत दोन जाळ्यांचे पैसे गेले. हंगामाची पहिली फेरी मुलाच्या हाताखाली सुटली, तांडेल जेटीवर खुर्ची टाकून बसले होते, बूट घालून. पाय राहिला.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधीची चूक मला सगळ्यात उशिरा सापडली. डिस्चार्जच्या दिवशी जुन्या गोळ्यांची पिशवी चाळताना त्यात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या निघाल्या. काकी सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांच्याबरोबरच देत होत्या, वर कपभर दूध, "गोळी पोटाक गरम पडता म्हणान." लोह आणि कॅल्शियमचे आयन सिप्रोफ्लॉक्सासिनला आतड्यातच पकडतात, ते रक्तात पुरेसं पोचत नाही. गोळी या धातूंच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची असते. डॉक्सिसायक्लिनची गत फारशी वेगळी नाही, आणि समुद्रातल्या जखमेला ते आपण हमखास देतो. त्या पाच दिवसांत औषध जंतूंनी हाणून पाडलं की ते पोचलंच नाही, हे आता सांगता येणार नाही. पण 'साधं औषध लागू पडलं नाही' या एका वाक्यावर त्यांना मोठ्या रुग्णालयात मेरोपेनेम लागलं, आणि बहुधा तिथेच हा क्लेब्सिएला त्यांच्यासोबत आला. आता आमच्या ओपीडीत या दोन औषधांची चिठ्ठी लिहिताना मी घरातल्या सगळ्या गोळ्या दाखवायला सांगतो. लोक पिशवी ओतून दाखवतात, पाचेक मिनिटं जातात.

दुसरं, हाडाचा नमुना मी अकरा दिवस उशिरा घेतला. पहिल्याच दिवशी सळई घालून बघायला हवी होती. चांदीचं ड्रेसिंग लावल्यामुळे मला वाटलं उपचार चालू आहेत.

तिसरं, घाटावरून सोळा दिवस राहून आलेल्या रुग्णाला भरती करताना आम्ही सरळ सामान्य वॉर्डात, तीन इतर जखमांच्या शेजारी ठेवलं. ड्रेसिंगची एकच ट्रॉली सगळ्यांना फिरत होती. रिपोर्ट येईपर्यंत वेगळी ट्रॉली, वेगळे हातमोजे यातलं काही नव्हतं. बाकीच्या तिघांच्या जखमांत हा जंतू सापडला नाही, हे नशीब.

बिस्मथला नाही म्हटलं, त्याबद्दल मी अजून तोच निर्णय घेईन. मूत्रपिंडं धडधाकट असलेला तरुण रुग्ण असता आणि ॲझट्रिओनॅमची जोडी परवडत नसती, तर एका रात्रीत उत्तर देणं मला जमलं नसतं. अशा वेळी चाचण्या करणाऱ्या मोठ्या केंद्राशी बोलावं लागेल, मेडिकलच्या काउंटरवरून सुरुवात करून चालणार नाही. मुलगा अजून बातम्या पाठवतो. अलीकडे त्याने गॅलियमबद्दल विचारलं. जंतू त्याला लोह समजून आत घेतो आणि ते लोहाचं काम करू शकत नाही, असा तो डाव आहे. फुप्फुसातल्या स्यूडोमोनास या जंतूवर माणसांत छोटी चाचणी झाली आहे, एवढंच मी त्याला लिहिलं.

तीन महिन्यांनी तांडेलांचा शौचाचा नमुना तपासला, तेव्हा आतड्यात तो क्लेब्सिएला होताच. त्यांना त्याचा काही त्रास नाही आणि त्यासाठी औषधही दिलं नाही. केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने एनडीएम लिहून ठेवलंय, आणि त्याची एक झेरॉक्स काकींच्या आधारकार्डाच्या पाकिटात आहे. कुठेही भरती झाले तर पहिल्या दिवशी दाखवायची, एवढं त्यांना सांगितलंय.